प्रोड्युसिंगचा छोटा कोर्स करायचाय? मग रिकाम्या हाताने जाऊ नका

"पहाट. पाऊस पडतोय. आजी ओसरीवर तांदूळ निवडतीये."

माझ्या दुसऱ्या शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्टमध्ये हे लिहायला मला एक मिनिट लागलं असेल, लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला. पुढे प्रोड्युसिंगच्या कोर्समध्ये सरांनी हीच ओळ बोर्डवर लिहिली आणि एवढंच विचारलं, कितीला पडली? मग एकेक शब्द सोलत गेले. पहाट म्हणजे युनिटला साडेतीनला हजर व्हायचा कॉल, म्हणजे नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या मेकअपवाल्या ताईंना त्या वेळी रिक्षा मिळणार नाही, गाडी पाठवा. पाऊस म्हणजे पाण्याचा टँकर, पाइप, पंप, पंपाचा आवाज डायलॉगवर येणार म्हणून पुढे डबिंग, साडी भिजणार म्हणून तशीच दुसरी साडी. आणि सत्तरीच्या बाई पहाटे चारला ओल्या ओसरीवर बसून आजारी पडल्या तर दुसऱ्या दिवसाचं शूट गेलं. तांदूळ तेवढे स्वस्त होते.

मी अंबडला एका कंपनीत परचेसला आहे, दिवसभर कोटेशन मागव, भाव पाड, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर काढ हेच चालतं, त्यामुळे मला वाटायचं प्रोड्युसरचं काम आपल्याला डाव्या हाताचं. पण परचेसमध्ये काय घ्यायचंय याची यादी दुसरा कोणीतरी हातात देतो, इथे ती यादी स्क्रिप्टमधून स्वतः खणून काढायची असते. छोट्या कोर्समध्ये शिकण्यासारखी खरी गोष्ट ही, स्क्रिप्ट पैसा, वेळ आणि परवानग्या म्हणून वाचायची. बाकीचं सेटवर धक्के खाऊनच येतं.

म्हणून पहिला सल्ला, हातात स्वतःची पाच ते आठ पानांची लिहून झालेली स्क्रिप्ट असल्याशिवाय फी भरू नका. मी पहिला कोर्स रिकाम्या हाताने केला होता. शनिवार-रविवार दोन दिवस, संस्थेचं नाव घेत नाही, शिकवणारे दोन दिवस मोठमोठ्या हिरोंचे किस्से सांगत होते, आम्ही पोट धरून हसलो, शेवटी गळ्यात कार्ड आणि हातात सर्टिफिकेट. घरी येऊन वही उघडली तर त्यात "रिलेशन महत्त्वाचे" असं लिहून खाली दोनदा रेघ मारलेली. दुसरा कोर्स सहा आठवड्यांचा ऑनलाइन होता, तेव्हा स्क्रिप्ट होती, प्रत्येक क्लासनंतर तिच्यावरच काम केलं आणि कोर्स संपला तेव्हा शूटिंगचे कागद तयार होते. (सर्टिफिकेट आजवर एकानेही मागितलेलं नाही. दोन्ही आईने फाइलला लावून ठेवलीत.)

कोर्स निवडताना जाहिरात वाचू नका, सिलॅबस मागवा. त्यात ब्रेकडाउन (कुठल्या सीनला काय काय लागतं त्याची फोड), शेड्युल, बजेट, हक्क आणि करार, परवानग्या, पोस्ट प्रॉडक्शन, फेस्टिव्हल आणि विक्री हे शब्द दिसले पाहिजेत. "फिल्ममेकिंगची जादू" असलं काही जास्त दिसलं तर पुढे चला. मग फोन करून तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्याने अलीकडे स्वतः काय प्रोड्यूस केलंय, म्हणजे फिल्मच्या शेवटी नाव कुठल्या हुद्द्यावर येतं. माझं बजेट कोणी तपासून देणार आहे का, की नुसती लेक्चर. आणि फी जीएसटी धरून आहे का, कारण १८ टक्के नंतर वर चढले की डोळे पांढरे होतात. दुसऱ्या प्रश्नाला "व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना सर" असं उत्तर आलं तर समजून जा.

नाशिकमधून पर्याय म्हणाल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहेच, लॉ कॉलेज रोडवर जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, १९६० पासून. तिचे मोठे कोर्स वेगळे, पण छोटेही निघतात, काही ऑनलाइन काही तिथे जाऊन, त्यांची वेबसाइट अधूनमधून चाळत राहायचं. मुंबईत खाजगी संस्था भरपूर, पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं पण आठवड्यातून दोनदा केलं की माणूस पिळून निघतो. पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या आत असलं तरी संगमनेर-नारायणगाव करत बसने पाच-सहा तास खातं, तिथे राहायची सोय असेल तरच. कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटमध्ये प्रोड्युसिंगचा वेगळा विभाग आहे पण तो तीन वर्षांचा पूर्णवेळ, नोकरीवाल्याचं काम नाही. ऑनलाइनमध्ये अमेरिकेतल्या सनडान्स इन्स्टिट्यूटच्या सनडान्स कोलॅब या वेबसाइटवर बरंच काही आहे, लाइव्ह क्लास मात्र अमेरिकेच्या घड्याळावर, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र नाहीतर पहाट. मला विचाराल तर नोकरी करणाऱ्याने ऑनलाइन कोर्स घ्यावा आणि वाचलेल्या प्रवासखर्चात एक चांगला साउंड रेकॉर्डिस्ट घ्यावा.

कोर्स सुरू व्हायच्या आधी दोन कामं. स्क्रिप्ट ठराविक फॉरमॅटमध्ये टाइप करा, म्हणजे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा ठोकताळा लागू पडतो आणि सीनची लांबी पानाच्या आठव्या भागात मोजता येते. दुसरं, आपल्याकडे फुकटात काय काय आहे त्याची यादी. माझ्या यादीत मामाचा तिळभांडेश्वर लेनजवळचा वाडा, मित्राची ओम्नी, राज्य नाट्य स्पर्धेत काम करणारे चार कलाकार आणि काकूंच्या हातचं जेवण होतं. यादीत लिहायच्या आधी त्या माणसाला खरंच विचारा. मी वाडा लिहून टाकला, मामाला विचारलं कोर्सच्या तिसऱ्या आठवड्यात, तो म्हणाला, "अरे पण वरच्या मजल्यावर भाडेकरूंच्या पोरीची दहावी आहे, मार्चपर्यंत आवाज नको." झालं, आख्खं शेड्युल एप्रिलमध्ये, आणि एप्रिलमध्ये नाशकात पावसाचा सीन!

आता ब्रेकडाउन. हे कोर्समध्ये घाईत उरकतात, तुम्ही उरकू नका. प्रत्येक सीन घेऊन त्यात लागणारी माणसं, वस्तू, कपडे, वाहनं, जनावरं, आवाज सगळं वेगळ्या रंगाने खुणावायचं आणि सीनगणिक एक कागद करायचा. सॉफ्टवेअर आहेत, पण एक्सेल किंवा गूगल शीटवर सहज होतं. माझ्या पावसाच्या सीनच्या कागदावर टँकर, पंप, प्लास्टिक, टॉवेल, जादा साडी, गाडी असं लिहून झालं, समोर रकमा टाकल्या तर दीड मिनिटाचा सीन बाकीच्या आख्ख्या दिवसाला भारी पडत होता. डिरेक्टर पण मीच, त्यामुळे भांडण स्वतःशीच. शेवटी स्क्रिप्टमध्ये बदल केला, "पाऊस नुकताच थांबलाय, पागोळ्या गळतायत." कौलांवर एक माणूस, दोन बादल्या, भोकं पाडलेला पाइप, अंगण ओलं केलं, आणि पहाटेऐवजी सकाळी साडेसहाचा उजेड. टँकर गेला, पंप गेला, डबिंग गेलं. आणि खरं सांगू का, थेंबांच्या आवाजात आजी जास्त एकटी वाटली.

बजेटमध्ये नवीन माणूस कॅमेऱ्यावर जीव ओवाळतो आणि आवाज, जेवण, हार्डडिस्क विसरतो. भाडं ठरवताना विचारा की दिवस म्हणजे किती तास, १२ च्या पुढे काय रेट, लेन्स-बॅटऱ्या धरून का वेगळ्या, सोबत अटेंडंट येतो का आणि त्याचा भत्ता कोणाकडे, मुंबईहून सामान येणार असेल तर ये-जा करायचे दिवस मोजणार का. दोन हार्डडिस्क लागतातच, रोजचं शूट दोन्हींवर उतरवायचं आणि पॅकअपनंतर दोन्ही एकाच बॅगेत घालून एकाच घरी न्यायच्या नाहीत. सगळ्या बेरजेवर १० टक्के वेगळे ठेवा, त्यांना हात लावायला कारण लागेल असे. आणि प्रत्येक खर्चाचं व्हाउचर, अगदी चहाचं पण, माझ्या पहिल्या फिल्ममध्ये साडेचार हजार रुपये नुसते "किरकोळ" मध्ये गेले आणि ते कुठे गेले हे अजून कळलेलं नाही.

जेवणावर कंजुषी केलीत तर दुपारी तीननंतर युनिट तुमचं राहत नाही. दादासाहेब फाळकेंच्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक बघायच्या आणि वर रात्री फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही करायच्या, आजच्या हिशेबाने त्या लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटची रोजची व्यवस्था बघणाऱ्या, होत्या. आमच्याकडे काकू होत्या. पहिल्या दिवशी सकाळी पोहे, दुसऱ्या दिवशी मिसळ ठेवली ती चूक झाली, तर्री प्यायलेला लाइटमन शिडीवर चढायला दुपारपर्यंत तयार नव्हता.

हक्क आणि करार हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि माझी सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली. पहिल्या फिल्ममध्ये एका दोस्ताने गाणं करून दिलं, "अरे तुझंच आहे ते" म्हणाला, मी खूश. फिल्म एका फेस्टिव्हलला निवडली गेली, त्यांनी संगीताच्या हक्काचं पत्र मागितलं, तोवर आमचं वेगळ्याच कारणावरून बिनसलं होतं. दोस्ताने फोन उचलला नाही. फिल्म गेली नाही. तेव्हापासून हे पाठ झालंय, कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने लागतात. नुसतं "हक्क दिले" लिहून भागत नाही, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत जाऊ शकतो. त्यामुळे पत्रात मुदत, प्रदेश म्हणून "संपूर्ण जग", आणि थिएटर-फेस्टिव्हल-टीव्ही-इंटरनेट ही सगळी माध्यमं स्पष्ट लिहा. लेखक, संगीतकार, कलाकार, वाड्याचा मालक, प्रत्येकाचं वेगळं पत्र, सही शूटच्या आधी. मामाची सही घेताना मलाच लाज वाटली, मामाला अजिबात वाटली नाही, त्याने पत्रात स्वतःच्या हाताने "अंगण झाडून देणे" असं वाढवलं.

तयार गाणं वापरायचं तर दोन कुलपं असतात, एक चाल आणि शब्दांचं, दुसरं त्या रेकॉर्डिंगचं, दोन्ही वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. तुकारामांचा अभंग मोकळा आहे, पण कोणीतरी गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही, रेकॉर्डिंगवर प्रसिद्धीपासून ६० वर्षं हक्क असतो. आणि आपण नाशिककर भावनेच्या भरात कुसुमाग्रजांची कविता घालायला जातो, तर तात्यासाहेब गेले १९९९ ला, कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं म्हणजे २०५९ च्या शेवटापर्यंत परवानगी लागणार. कविता चार ओळींची असली तरी आधी विचारा.

परवानग्यांचा क्लास बहुतेक मुंबई डोळ्यासमोर ठेवून घेतात, नाशिकचं गणित स्वतः मांडावं लागतं. पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वराचं मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, तिथे शूटिंगला त्यांचीच परवानगी, गेटवरच्या दादांशी ओळख असून उपयोग नाही. काळाराम मंदिर म्हटलं की संस्थान. रामकुंड-गोदाघाट म्हणजे महापालिका आणि पोलिस दोन्हीकडे पत्र, शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं, रेकीला, म्हणजे आधी जागा बघायला गेलो तेव्हा, बघितलेली जागा शूटच्या दिवशी खोदलेली असू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी परत एक चक्कर मारायचीच. रेल्वे स्टेशनवर लपूनछपून मोबाइलवर काढू असं डोक्यात असेल तर काढून टाका, रेल्वेची रीतसर परवानगी लागते आणि ती पैसे घेऊन मिळते.

ड्रोनचं तर विचारूच नका. प्रत्येक नवीन डिरेक्टरला गोदावरीचा वरून शॉट हवाच असतो. नाशकात देवळालीला तोफखान्याचं स्कूल, ओझरला विमानतळ आणि एचएएलचा विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, त्यामुळे ड्रोन घेण्याआधी सरकारी ऑनलाइन नकाशा उघडून आपली जागा हिरव्यात आहे, पिवळ्यात की लाल, ते बघा. ड्रोनवाला "होऊन जाईल भाऊ" म्हणाला तरी बघा, पकडलं तर तो ड्रोन घेऊन पसार, फिल्म तुमच्या नावावर.

मराठी शॉर्टफिल्म म्हटलं की लहान मुलगा आणि शेळी हवीच, निदान आमच्या बॅचमध्ये अर्ध्या स्क्रिप्टमध्ये होती. दोघांनाही कागद लागतात. १४ वर्षांखालच्या मुलाकडून काम घ्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी प्रोड्युसरने काढायची, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतला २० टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत ठेवायचा. शेळीसाठी प्राणी कल्याण मंडळाची. हे कळल्यावर आमच्या बॅचमधल्या तिघांच्या शेळ्या एका रात्रीत स्क्रिप्टमधून पळाल्या.

शेड्युल करताना सीन गोष्टीच्या क्रमाने न लावता जागेप्रमाणे लावायचे, मग त्यात दिवस-रात्र वेगळं, मग महागडा किंवा वयस्कर कलाकार कमीत कमी दिवसात बसवायचा. दिवसाला चार पानं नवीन युनिटला पुष्कळ. कॉल शीट, म्हणजे कोणी किती वाजता कुठे यायचं तो कागद, आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर गेलीच पाहिजे आणि त्यात प्रत्येकाची वेळ वेगळी असावी. आमची अशी होती, काकू ५.००, लाइट ५.१५, मेकअप ५.३०, आजी ६.००, कॅमेरा रोल ६.३०, वाड्याचं मागचं दार वापरणे, गाड्या गल्लीत नको, जवळचा दवाखाना आणि त्याचा नंबर, सूर्योदयाची वेळ, आणि शेवटी ठळक अक्षरात "वरच्या मजल्यावर जाऊ नये". एकाला जरी "सगळे सहाला या" म्हणालात तरी सगळे सातला येतात.

पैसे कुठून आणायचे हे कोर्समध्ये पिचिंग नावाने शिकवतात, लॉगलाइन म्हणजे एका ओळीत गोष्ट, डेक म्हणजे दाखवायच्या स्लाइड, तोंडपाठ दोन मिनिटं. करा, पण डेकपेक्षा तीस सेकंदांचं खरं चित्र जास्त चालतं. हे काही आजचं नाही. फाळकेंनी १९१२ ला विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून लंडन गाठलं, कॅमेऱ्याची जुळवाजुळव केली, आणि परत आल्यावर लोकांना "मी पौराणिक चित्रपट काढतो, पैसे द्या" असं नुसतं तोंडाने सांगत बसले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रित करत कोंब कसा वर येतो त्याची छोटी फिल्म केली, ती ओळखीच्यांना दाखवली आणि कर्ज मिळालं. पुढच्या वर्षी राजा हरिश्चंद्र आला. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाने केलेली ही पिच पांडवलेणीच्या पायथ्याच्या स्मारकात सहलीला गेलेल्या आपल्यातल्या किती जणांना माहितीये कोण जाणे. तुमचा वाटाणा शोधा, एक सीन, एक कलाकार, एक सकाळ. मी पागोळ्यांचा सीन आधी एकटाच शूट केला, तो दाखवून सराफ बाजारातल्या एका काकांनी पोस्ट प्रॉडक्शनचा खर्च उचलला. (त्यांना शेवटच्या पाट्यांमध्ये वडिलांचं नाव हवं होतं, तेवढंच.)

कोर्स संपल्या संपल्या दुसऱ्याच्या सेटवर प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून चार दिवस जा, पैसे मिळोत न मिळोत, पण प्रवास आणि जेवण मागून घ्या. नाशिक-इगतपुरी भागात सिरियल-फिल्मची शूटिंग चालूच असतात, तिथल्या प्रॉडक्शन कंट्रोलरच्या, म्हणजे सेटचा खर्च-व्यवस्था सांभाळणाऱ्याच्या, मागे एक दिवस फिरलात तर कोर्समधलं अर्धं कळतं आणि अर्धं चुकीचं निघतं.

आणि स्वतःची फिल्म झाल्यावर लगेच यूट्यूबवर टाकू नका! बरेच फेस्टिव्हल आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत, आधी प्रत्येकाचे नियम वाचा. ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंतची शॉर्ट धरतात, पण पहिली फिल्म पंधरा मिनिटांच्या आत ठेवा, निवडणाऱ्याला कार्यक्रमात बसवायला सोपी जाते. प्रवेश फी डॉलरमध्ये असते आणि जमा होत जाते, म्हणून बजेटमध्ये आधीच वेगळी रक्कम, आणि फक्त पैसे घेऊन सगळ्यांना पुरस्कार वाटणारे महिन्याचे ऑनलाइन फेस्टिव्हल टाळा. मुंबईचा माहितीपट-लघुपटांचा मिफ दर दोन वर्षांनी येतो, त्याच्या तारखा कॅलेंडरवर टाका. इंग्रजी सबटायटल कोणा जाणकाराकडून करून घ्या, आमच्या पहिल्या कॉपीत "पागोळ्या"चं मशीनने काय केलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. थिएटरमध्ये तिकीट लावून दाखवायची तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, यूट्यूबला लागत नाही.

रेकीला जुन्या नाशकातल्या वाड्यांत जाणार असाल तर दुपारी एक ते चार कडी वाजवू नका, आणि पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नका, अर्धा किलो पेढे न्या.